मामाच्या वावरातल्या गोळ्या



पत्रिकेत आजच्या विषयाचं नाव 'असईची लढाई आणि आपण' असं छापलेलं आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेही बहुतेक रिकाम्या बाकांना. (हशा) त्यामुळे कुठल्या पलटणीने कुठून हल्ला केला हे ऐकायला कुणी आलं असेल तर त्याची थोडी निराशा होईल. मला बोलायचं आहे ते एका साध्या प्रश्नावर. जुनी वस्तू सापडली, तर आपल्या हाती नेमकं काय लागतं?

प्रश्न मला सुचला तो गेल्या दिवाळीत. माझ्या मामेभावाचा नातू पुण्याहून गावी आला, तो एक यंत्र घेऊन. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, कानाला लावायला हेडफोन. म्हणाला, "आबा, हा मेटल डिटेक्टर. जमिनीत धातू असला की वाजतो. आपल्या वावरात इंग्रजांच्या वेळचं काय काय निघतं ते पाहू."

'आपलं वावर' म्हणजे माझ्या मामाचं वावर. बुलढाण्याहून धाडवरून भोकरदनच्या रस्त्याला लागलं, की जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर तो मुलूख सुरू होतो. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधला. इंग्रजी पुस्तकांत जुईला 'जुआ' म्हणतात. याच दोन नद्यांच्या बेचक्यात असई गाव आहे, आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंद्यांची कवायती पायदळं आणि आर्थर वेलस्लीची फौज यांची गाठ पडली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं.

माझं आजोळ त्या शिवाराला लागून. १९५६ च्या उन्हाळ्यात मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हा आपला बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि मामाचं गाव हैदराबाद राज्यात. म्हणजे आईचं बोट धरून मी आजोळी जायचो ते चक्क परराज्यात! त्याच वर्षी १ नोव्हेंबरला दोन्हीकडचे लोक द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. ही हद्द मुळात आली कुठून? १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केलं आणि मराठवाडा स्वतःकडे ठेवला. त्या तहामुळे आमच्या आईचं माहेर आणि सासर शंभर वर्षं दोन वेगवेगळ्या राज्यांत राहिलं. इंग्रजी अमदानीचे अवशेष शोधायचेच असतील तर हा एक घ्या. यंत्र वाजणार नाही, पण अवशेष खरा आहे.

तर त्या उन्हाळ्याच्या शेवटी मृगाचा पहिला पाऊस पडला, की आम्ही पोरं वावरात पळायचो. गोळ्या वेचायला. काळी माती पावसाने धुतली गेली की शिशाच्या गोळ्या वर दिसायच्या. पांढरट, राखेच्या रंगाच्या. बोराएवढ्या, पण हातात घेतलं की वजन कळायचं. कुणाला चार मिळायच्या, कुणाला दहा. त्या गोळ्या आम्ही नदीवरच्या भोयांना द्यायचो. ते शिसं ठोकून जाळ्याला वजन म्हणून लावायचे. बदल्यात आम्हाला पैसा-दोन पैसे मिळत, आणि बाजाराच्या दिवशी त्याची गोडीशेव. दोन-तीन उन्हाळे हा उद्योग चालला. किती गोळ्या गेल्या असतील? मोजल्या नाहीत. शेकड्याने असतील.

मित्रहो, आज मी इथे जे बोलतोय ते एका अर्थाने त्या गोडीशेवेचं प्रायश्चित्त आहे.

मामा तेव्हा बांधावर बसून आमची गंमत पाहायचा. एकदा तो म्हणाला, आणि ते वाक्य मला अजून आठवतं: "पोरांनो, वरच्या पट्टीत कायले फिरता? तिथं साऱ्या गोल गोल भेटतात, अन् थोड्याच. खाली ओढ्याकडं जा, तिथं चपट्या भेटतात, लई." आम्ही पळत ओढ्याकडे गेलो. मामाला ते कसं माहीत, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आता त्या वाक्यात काय होतं ते बघा. बंदुकीतून न सुटलेली गोळी गोल राहते. साच्यात ओतल्याची बारीक शिवणसुद्धा तिच्यावर दिसते. ती शिपायाच्या हातातून किंवा पिशवीतून पडलेली असते. सुटलेली गोळी जमिनीवर, दगडावर, हाडावर आदळते, आणि शिसं मऊ असल्याने चपटी होते. इंग्रज पलटणीच्या बंदुकीची गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटर जाडीची आणि तीसेक ग्रॅम वजनाची असे. दुसऱ्या मापाची निघाली तर ती कदाचित समोरच्या बाजूची. म्हणजे गोल गोळ्या जिथे जास्त, तिथे बहुधा कुणीतरी उभं राहून बंदुका भरत होतं. चपट्या जिथे जास्त, तिथे कुणीतरी मार खात होतं. माझ्या मामाने चाळीस वर्षं तेच वावर वखरलं होतं. त्याच्या डोक्यात रणांगणाचा नकाशा होता. त्याला तो नकाशा आहे हे ठाऊक नव्हतं, आणि आम्हाला तर नव्हतंच. मामा गेला १९७१ साली. मी तेव्हा तत्त्वज्ञानात एम. ए. करत होतो. 'ज्ञान म्हणजे काय' यावर निबंध लिहीत होतो!

न्यायशास्त्राचं एक उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर आग आहे. यात धूर हा हेतू, म्हणजे पुरावा. आणि डोंगर हा पक्ष, म्हणजे ज्या जागेबद्दल आपण बोलतोय ती जागा. नैयायिक बजावून सांगतात की पुरावा त्या पक्षावर असला पाहिजे. याला ते पक्षधर्मता म्हणतात. आता समजा, कुणी हुशार माणसाने डोंगरावरचा धूर बाटलीत भरून घरी आणला. धूर खराच आहे. पण त्यावरून काय सिद्ध होईल? आग लागलीय ती कुठे? बाटलीत?

वावरातून उचलून खिशात टाकलेली गोळी म्हणजे बाटलीतला धूर. गोळी अस्सल आहे, १८०३ ची आहे, पण आता ती कशाचाही पुरावा राहिली नाही. तिच्यासारख्या लाखो गोळ्या जगात आहेत. ओढ्यापासून किती पावलांवर, कोणत्या गोळीच्या शेजारी, गोल की चपटी, एवढंच तिच्याकडे सांगण्यासारखं होतं. ते सांगणं आम्ही पुसून टाकलं आणि धातू तेवढा घेतला.

कुणी म्हणेल, प्राध्यापक साहेब, लढाईचा इतिहास तर लिहून ठेवलेला आहे. आहे ना. इंग्रजांनी लिहिलेला. त्यांचे ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता, इतका बारीक हिशेब आहे. शिंद्यांच्या बाजूचा असा हिशेब नाही. शिंद्यांची पायदळं पोलमान नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली होती. इंग्रज बाजूने येतात हे पाहून त्यांनी भर लढाईच्या तोंडावर सगळी फळी वळवली आणि तोफांची नवी रांग लावली. कवायतीच्या दृष्टीने हे फार अवघड काम. इंग्रजांची ७४ वी हायलँडर पलटण वाट चुकून असई गावाच्या फार जवळ गेली आणि तोफांच्या माऱ्यात जवळजवळ संपली. त्यांना सोडवायला मॅक्सवेलचं घोडदळ धावलं. पुढे त्याच दिवशी तो कर्नल मॅक्सवेलही पडला. शिंद्यांचे काही गोलंदाज तोफांखाली मेल्याचं सोंग करून पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांनी पाठीमागून तोफा डागल्या. हे सगळं आपल्याला कळतं ते शत्रूच्या तोंडून. त्या गोलंदाजांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. त्यांच्या हातून जमिनीत जे पडलं तेवढीच त्यांची साक्ष. आणि ती साक्ष आम्ही पोरांनी गोडीशेवेला विकली.

'इंग्रजांचे अवशेष' हा शब्दही जरा जपून वापरायला हवा. त्या दिवशी वेलस्लीच्या फौजेत गोरे कमी आणि मद्रासचे देशी शिपाई जास्त होते. म्हैसूरचे स्वार होते. त्या मोहिमेत पेशव्यांच्या बाजूने बापू गोखलेही वेलस्लीबरोबर होते. हेच बापू गोखले पुढे १८१८ साली आष्टीला इंग्रजांशी लढताना मारले गेले. आणि इकडे शिंद्यांच्या पलटणींवर अंमलदार युरोपियन. तेव्हा वावरातली एखादी गोळी इंग्रजाची की आपली, हे नुसत्या तिच्याकडे पाहून कसं सांगणार? तमिळ शिपायाने झाडलेली गोळी अयोध्येकडच्या शिपायाला लागली असेल, आणि ती सापडली मराठी शेतकऱ्याच्या पोराला.

याच लढाईतली एक गोष्ट मला फार आवडते. वेलस्लीला केळना ओलांडायची होती. वाटाडे म्हणाले, जवळपास उतार नाही. वेलस्लीने पाहिलं की नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत. इंग्रजी नोंदींत त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी येतात. त्याने ताडलं की दोन गावं इतकी समोरासमोर वसली, त्याअर्थी त्यांच्यात येणं-जाणं असणार, त्याअर्थी इथे उतार असणार. आणि तो निघाला! पुढे म्हातारपणीही ही गोष्ट तो सांगत असे. आपण त्याला शत्रू म्हणा, पण अनुमान अस्सल होतं. एवढी मोठी लढाई त्या अनुमानावर उभी राहिली. त्याने काय पाहिलं? वस्तू पाहिली नाही. एका जागेचा दुसऱ्या जागेशी संबंध पाहिला.

आता यंत्राकडे वळतो. या यंत्राचा इतिहासही शिशाच्या गोळीपासूनच सुरू होतो, हे वाचून मी चकित झालो. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी अंगात राहिली, कुठे ते कळेना. तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी धातू शोधणारं यंत्र तयार केलं. राष्ट्राध्यक्षांच्या अंगावरून ते फिरवलं, पण नीट उत्तर मिळेना. एक कारण असं की पलंगाच्या गादीत लोखंडी तारा होत्या, यंत्र त्यांनाच पाहून आवाज करी. दुसरं कारण जास्त मोलाचं. मुख्य डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे. त्यांनी बेलना उजवीकडेच शोधू दिलं. गारफील्ड सप्टेंबरात वारले. शवविच्छेदनात गोळी निघाली ती डावीकडे.

यंत्र ऐकतं, पण आपण जिथे धरू तिथेच ऐकतं. ते कुठे धरायचं हे माणूस ठरवतो, आणि माणूस ते आपल्या समजुतीवरून ठरवतो. माझा नातू म्हणाला, 'इंग्रजांच्या वेळचं'. म्हणजे त्याने आधीच ठरवलं होतं की त्याला बटणं हवीत, तलवारीचं पातं हवं, राणीच्या छापाचा रुपया हवा.

मी म्हटलं, "बाबा, आधी अंगणात लावून पाहू." लावलं. यंत्र सारखं वाजायला लागलं. खणलं तर काय? बैलाचा नाल. तुटकी वखराची पास. खिळे. आणि एक साधा दगड! नातवाला वाटलं, मशीन बिघडलं. मशीन बिघडलं नव्हतं. आपला सगळा मुलूख बेसाल्टचा, त्यात लोहाची चुंबकीय खनिजं असतात. काही दगडांवर हे यंत्र धातू असल्यासारखंच ओरडतं. (हशा)

आणखी एक अडचण आपल्या काळ्या मातीची. शेतकऱ्यांना हे सांगायला नको. उन्हाळ्यात ही माती इतकी भेगाळते की हात आत जातो. वरची वस्तू भेगेतून खाली जाते. पावसात माती फुगते आणि खालचे दगड वर ढकलते. आपले लोक म्हणतातच, काळी माती स्वतःला नांगरते. त्यामुळे इतर ठिकाणी जे म्हणता येतं, की खोल सापडलं म्हणजे जुनं, ते इथे म्हणता येत नाही. खोली खोटं बोलते. पण आडवी जागा त्या मानाने खरं बोलते. नांगराने एखादी गोळी चार पावलं सरकेल, पण हजार गोळ्यांचा एकत्र नकाशा काढला तर कुठे दाट, कुठे विरळ हे टिकून राहतं. मामाचं वाक्य नेमकं तेच सांगत होतं.

मग यंत्र वाईटच का? नाही. माझं म्हणणं तसं नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न नावाची जागा आहे. तिथे १८७६ साली लकोटा आणि शायेन लोकांनी जनरल कस्टरची तुकडी कापून काढली. गोऱ्या अमेरिकेने शंभर वर्षं चित्र रंगवलं की कस्टर आणि त्याचे शिपाई शेवटपर्यंत टेकडीवर पाय रोवून झुंजले. आदिवासींच्या घरांत वेगळंच सांगत, की शिपायांची फळी लवकर मोडली, गोंधळ झाला. त्यावर कुणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९८३ साली तिथलं गवत आगीत जळून गेलं. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी हेच यंत्र वापरून सगळी जमीन ओळीने तपासली. प्रत्येक गोळी, प्रत्येक काडतूस जिथे होतं तिथे निशाण रोवलं, मोजलं, नकाशावर टिपलं. काडतुसावरच्या खुणांवरून एकच बंदूक कुठून कुठे सरकली तेही काढलं. आणि तो नकाशा आदिवासींच्या आजोबांच्या सांगण्याशी पुष्कळ जुळला.

नैयायिकांचं चौथं प्रमाण आहे शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. तिथे यंत्राने शब्दाला बळ दिलं. पण ते शक्य झालं कशामुळे? वस्तू उचलण्याआधी जागा लिहिली गेली, आणि आजोबांचं सांगणं कुणीतरी ऐकून ठेवलं होतं. आमच्याकडे दोन्ही झालं नाही.

कायद्याचंही सांगतो, कारण हे यंत्र आता कुणीही मागवू शकतो. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची ठेव जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते, वावर स्वतःचं असलं तरी. न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपूर्वीची ऐतिहासिक वस्तू ही पुरावस्तू ठरते, आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. संरक्षित स्मारकाच्या जागेत विनापरवाना खणणं हा तर सरळ गुन्हा आहे. पण गंमत बघा. १८७८ चा कायदा वस्तूची किंमत पाहतो. एका गोळीचं शिसं मोडीत दहा रुपयांचंही होणार नाही. म्हणजे आम्ही पोरांनी जे केलं त्याला कायद्याच्या हिशेबात किंमतच नाही.

नातवाने मला एक प्रश्न विचारला, तो खरा आहे आणि त्याचं उत्तर मला अजून पूर्णपणे देता येत नाही. म्हणाला, "आबा, आपण नाही उचललं तरी ट्रॅक्टर सोडणार आहे का? भंगारवाला सोडणार आहे का? जमिनीत ठेवून तरी कुणाचं भलं होतंय?" बरोबर आहे. ट्रॅक्टर खोल नांगरतो. विहीर होते, शेततळं होतं, रस्ता रुंद होतो. वाट पाहत बसलो तर नकाशा आपोआप पुसला जाईल. 'हात लावू नका' एवढंच म्हणणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाने हात झटकणं आहे.

म्हणून आम्ही दोघांनी मिळून एक ठरवलं. यंत्र माळ्यावर ठेवलं. जाणकार माणूस परवानगी घेऊन बरोबर येईल त्या दिवशी ते खाली काढायचं. तोवर वही. पहिल्या पावसानंतर जे आपोआप वर दिसेल त्याचा तिथल्या तिथे फोटो, मोबाइलवरून जागेची नोंद, तारीख, गोल की चपटी. उचलायचं नाही. आणि गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाकडे जाऊन विचारायचं: तुमच्या वावरात काय सापडायचं, कोणत्या पट्टीत, कोणत्या बाजूला? या जूनपर्यंत वहीत अकरा जणांचं सांगणं लिहून झालंय. त्यांतले दोघे आता नाहीत.

असई आपल्या हद्दीपलीकडे आहे, असं कुणी म्हणू नये. साखरखेर्डा तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १७२४ साली तिथे निजामाने मुबारिजखानाला मारलं आणि दक्षिणेचं राज्य मिळवलं. त्या शिवारातही कुणाचा तरी मामा बांधावर बसलेला असेल. तो काही सांगत असेल तर पोरांना थांबवा आणि लिहायला लावा.

माझ्या टेबलावर त्या उन्हाळ्यातली एक गोळी उरली आहे. गोल आहे, शिवण दिसते. साठ-पासष्ट वर्षं ती माझ्यासोबत आहे. शिपायाच्या हातून ती नेमकी कुठे निसटली हे मला सांगता येत नाही, कारण मी ती कुठून उचलली हे मला आठवत नाही. वरच्या पट्टीतली असावी, असं मामाच्या वाक्यावरून वाटतं. तेवढंच.